तुझा फोन मी बोरिवलीला नेतोय

अबोली,

फोन शोधू नकोस, माझ्याकडे आहे. तोंडाने सांगितलं असतं तर फोनमधून देवदत्तनेही ऐकलं असतं, म्हणून कागद.

परवा मी छाती फुगवून म्हणालो ना, "अँटीव्हायरसने हिरवी खूण दिली, फोन साफ"? आयुष्यभर थापा मारल्या गं, पण जी मला स्वतःला खरी वाटली तीच आपल्याला भोवली.

काल तुझा फोन गुपचूप नाक्यावरच्या दुकानात नेला. दुकानवाल्याने फोन आत ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, अँटीव्हायरस मुख्यतः फोनची वाट लावणाऱ्याला धरतो. हेरगिरीचं अ‍ॅप काहीच बिघडवत नाही, नुसतं बघतं, ऐकतं आणि फोन कुठे आहे तेही आपल्या मालकाला कळवतं. त्याला शोधायला अँटीस्पायवेअर वेगळं." त्याने ते चालवलं आणि दोन मिनिटांत सापडलं. तुझ्या नवऱ्यानेच घातलंय, खबर त्याच्याच नंबरवर जाते. वकिलाशी बोललीस ते, जयंतीमावशीकडे लपायचं ठरलं ते, सगळं देवदत्तला पोचलंय. माझ्या हिरव्या खुणेच्या भरवशावरच बोललीस तू.

काढून टाकलं असतं तर त्याला कळलं असतं आणि तो थेट घाटकोपरला आपल्या दारात आला असता. आता तू निघालीस असं समजून तो फोनच्या मागे बोरिवलीला येईल. तुला दोनतीन तास मिळतील, जास्त नाही.

मावशीकडे जाऊ नकोस. दुसरीकडे कुठेही जा, पण कुठे ते मला लिहून ठेवू नकोस. थापा मी हव्या तेवढ्या मारीन. पण त्याच्यासमोर पाय लटपटले, तर माझ्याकडे सांगण्यासारखं खरं काही नसावं.

बाबा