दुसऱ्या हौदाचं खाद्य

लोणी, ता. आंबेगाव
१८ मे २००१

प्रिय मंगल,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या शिक्षणाचा फॉर्म भरत नाहीस, पुण्यात टायपिंगची नोकरी धरतेस, हे वाचलं. आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि पिठाच्या डब्यावर ठेवलं. फॉर्मची तारीख एकतीस आहे. म्हणजे अजून तेरा दिवस आहेत, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

इकडे कांदा चाळीत गेला. विहिरीजवळचे तुझे दोन्ही हौद कोरडे पडले असतील, असं तुला वाटत असेल. तसं नाही. मार्चात मी पुण्याहून गोल्डफिशची इंचभर लांबीची चाळीस पिल्लं आणली आणि वीस-वीस सोडली. पहिल्या हौदात शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा. दुसऱ्यात तुझ्या जुन्या चिठ्ठीप्रमाणे निम्मी पेंड काढून तेवढीच सुकटीची पूड. दर रविवारी तू शिकवलंस तसा ओल्या आलेखाच्या कागदावर मासा धरून मोजतो. शेजारचा सोमाजी बांधावरून विचारतो, "काय माळकरी, मापं घेताय, झबली शिवायचीत का?" हसू दे त्याला. दोन महिन्यांत पहिल्या हौदातले दोन इंचांनाही टेकले नाहीत. दुसऱ्यातले अडीचच्या पुढे गेले.

आता तू म्हणशील, मग गेल्या वर्षी माझ्या प्रयोगात दोन्ही हौदांतले मासे सारखेच का वाढले? परीक्षेसाठी तू वसतिगृहात होतीस आणि खाद्य घालायचं माझ्याकडे होतं. कॉलेजातल्या सरांनी तुझी प्रयोगाची वही बाजूला सारून सांगितलं, यात काही निघत नाही, विषय सोड. तू घरी येऊन हौदाच्या कठड्यावर बसलीस, जेवायला उठली नाहीस. मी समोर बैलांना पाणी दाखवत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मंगल, सुकटीचा डबा मी पहिल्याच दिवशी शेवग्याखाली पुरला होता. गळ्यात तुळशीची माळ, हाताला तो वास, मला जमेना. वजन चुकू नये म्हणून तेवढी पेंड जास्त घातली. पोट भरल्याशी मतलब, असं वाटलं. यंदा आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अवो, माळ तुमच्या गळ्यात हाये, माशांच्या न्हाई." तेव्हापासून सुकट मीच कुटतो, मग अंघोळ करतो. माळ गळ्यातच आहे.

सोबत तुझी वही पाठवतो. यंदाची मापं मागच्या पानांवर आहेत. गेल्या वर्षीच्या निकालाखाली मी लिहून सही केली आहे, 'दोन्ही हौदांत एकच खाद्य पडले. चूक मुलीची नाही, तिच्या वडिलांची.' ते पान सरांना दाखव. लाज माझी मी बघून घेईन. तू फॉर्म भर.

हौदांवर तुझी वाट बघणारा
तुझाच,
आण्णा