खुर्चीतली भाकरी

आप्पा, आज क्लिनिकमध्ये एका आजींना खुर्चीत बसवून बाजरीची भाकरी खायला लावली. तुम्ही तळेगावच्या घरी कवळ्या बनवायचात, तेव्हा आईला रोज एक भाकरी जास्त टाकावी लागायची. मेणाचा वास भरलेल्या त्या खोलीत अनोळखी माणसं आमच्या ताटात जेवतात, याची मला लाज वाटायची. एकदा मी वैतागून म्हटलं, बरं आहे म्हणतायत ना ते, मग सोडा की. तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत. "अगं, बरं आहे असं तर पाहुणेही म्हणतात. घास गिळेपर्यंत बघावं."

आता मी रहाटणीत दातांची डॉक्टर आहे. आम्ही रंगीत कागद चावायला देतो, दातांवर खुणा नीट उमटल्या की पेशंट घरी. या आजी चाकणजवळच्या गावच्या. खालच्या जबड्यात स्क्रू बसवून त्यावर अडकणारी कवळी मीच केली. मुलगा रात्रपाळी संपवून त्यांना घेऊन यायचा. दर वेळी त्या म्हणायच्या, "लई ब्येस हाय." हिरडीवर कुठे लाली नाही. तरी माझी खात्री पटायची नाही, घरी जाऊन मी त्यांचे एक्स-रे पुन्हा पुन्हा बघायचे. आज मुलाऐवजी सून त्यांना घेऊन आली, कंपनीत जाता जाता. हसत म्हणाली, "मॅडम, सासूबाई जेवायला बसल्या की दात काढून डब्यात ठेवतात. लग्नाला, फोटोला तेवढे घालतात."

"झिजतील न्हाई का? एवढे नवे दात," आजी म्हणाल्या.

म्हणजे भाकरी अजून दुधात भिजवूनच चालली होती. मी सुनेचा जेवणाचा डबा मागितला. भाकरी होती, मटकीची उसळ होती. पहिल्याच घासाला आजींचा हात उजव्या गालाकडे गेला. डोळे मिटून त्यांनी घास तसाच गिळला आणि हसल्या.

"आजी, खरं सांगा."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "हितं टोचतंय. पर लेकरानं एवढा जीव लावून केलंय, तिला कसं म्हनू?" लेकरू म्हणजे मी.

माझे कान तापले. कवळीची कड जिथे रुतत होती तिथे घासली, पुन्हा बसवली, पुन्हा घास दिला, पुन्हा थोडी घासली. मग आजी सावकाश चावत राहिल्या. चावता चावता म्हणाल्या, "मिरची न्हाई का आणली?"

"माझा डबा संपवला, वर मिरची पायजे!" सून म्हणाली.

दोघी गेल्यावर मी खुर्चीवरचे भाकरीचे कण पुसले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेल्यावर आता पाठवणार कुठे, हा कागद एप्रनच्या खिशातच राहील. एक मात्र सांगते. माझी डावी दाढ दिवाळीपासून ठणकतेय. शेजारच्या खुर्चीवरचे डॉक्टर हुशार आहेत, हात हलका आहे त्यांचा. त्यांना सांगितलेलं नाही. लहानपणी खिडकीशी उभं करून, जीभ चमच्याने दाबून तुम्हीच माझे दात बघायचात. त्यानंतर मी कुणापुढे आ केलेला नाही.