अनघासाठी खोली

४ नोव्हेंबर

रोहिणी पुण्याला गेली. नोकरी लागली तिला, आनंदच आहे — पण माझ्या प्रबंधाचा अर्धा आवाज घेऊन गेली! भाड्याच्या खोलीसाठी एकाच घरी आम्ही दोघी फोन करायचो. मी माझ्या नावाने, ज्योत्स्ना पगारे. ती बनावट नावाने, अनघा दीक्षित. बाकी सगळं सारखं: एकटी मुलगी, शिकवण्या घेते, शाकाहारी. आडनाव ऐकून समोरचं माणूस कसं बदलतं, ते टिपायचं.

मार्गदर्शक सर म्हणाले, "आता दोन्ही फोन तूच कर. दुसरं सिम घे. आवाज कोण लक्षात ठेवतंय?"

५ नोव्हेंबर

पंचवटीत एकट्या राहणाऱ्या यशोदाबाई. आधी ज्योत्स्ना म्हणून फोन केला. "पगारे म्हणजे कुठले तुम्ही?" इगतपुरीचे, म्हटलं. "हो का... खोली कालच गेली बाई."

मग दुपारी अनघा म्हणून. "दीक्षित! अगं, रिकामीच आहे. केव्हा येतेस बघायला?"

नवीन काही नाही. अशी घरं ढिगाने झाली. पण या वेळी दोन्ही उत्तरं माझ्याच कानात पडली. आणि दुसरं ऐकताना मी हसत होते, खरोखर खूश होऊन! किळस आली स्वतःची.

९ नोव्हेंबर

अनघाच्या सिमवर यशोदाबाईंचा फोन. आजी म्हण, म्हणाल्या. मोतीबिंदूमुळे धड दिसत नाही म्हणे, बोलायला माणूस हवं. गोत्र विचारलं, तर मी काश्यप सांगून मोकळी! अनघाचे वडील संगमनेरला बँकेत. तिची आजी गेल्या वर्षी वारली. जन्मालाच न आलेली म्हातारी, तिला मी उगीच मारली.

सर म्हणाले, "नोंद झाली ना? बंद कर ते सिम." बरोबर आहे. बंद केलं नाही.

१२ नोव्हेंबर

अनघाला चंपाषष्ठीचं आमंत्रण. "तुमच्याकडेही नैवेद्याला वांग्याचं भरीत लागतंच ना?"

"लागतं ना!"

१४ नोव्हेंबर

वसतिगृहाची नोटीस. महिनाअखेर खोली सोडायची. आजची वणवण अभ्यासासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. एक बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही खात मटण, पण तुमचे पाहुणे खातील ना."

आई म्हणते, इगतपुरीहून ये-जा कर. पहाटेच्या शिकवण्यांना कशी पोचू? शिकवण्या गेल्या की प्रबंधही गेलाच.

१६ नोव्हेंबर

माणूस दुसऱ्याच्या नजरेत बघूनच स्वतःला ओळखतो — हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. आता अंगावर आलंय. अनघाला रोज आजींची हाक येते: "जेवलीस का गं?" मला परक्या माणसाने हे कधी विचारलं? ती माझ्यापेक्षा जास्त आहे या शहरात. भीती वाटते तिची. फोन वाजला की माझ्याआधी तीच उठते.

१९ नोव्हेंबर

गेले पंचवटीला. खरं सांगून हे भूत उतरवायचंच, असं ठरवून. दारातच म्हटलं, "आजी, मी अनघा नाही."

"माहितेय. पगारे ना तू? पहिल्याच दिवशी कळलं. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले."

मी गारच. मग रोज फोन कशाला?

"एकटीला घर खायला उठतं गं. तू आवडलीस मला. ये राहायला. पण गल्लीत अनघाच राहा. भाचे येतात, शेजारपाजार आहे. मला तोंड द्यावं लागतं."

चहा दिला, त्यांच्या नेहमीच्या कपात. रागाने उठून जावं की त्यांच्या गळ्यात पडून रडावं, कळेना. चहा घेतला. चांगला होता.

२० नोव्हेंबर

नाही. नाही म्हणजे नाही!

२२ नोव्हेंबर

आणखी दोन घरं. दोन्ही कालच गेलेली.

२४ नोव्हेंबर

सामान पंचवटीला, आजींकडे हलवलं. खोली हवेशीर आहे. खाली भाजीबाजाराचा गलका.

संध्याकाळी आईचा फोन. "रविवारी येते गं. खोली बघीन, दोन दिवस राहीन."

म्हटलं, नको आई. मीच येत जाईन तिकडे.

"का गं? स्टेशनपासून लांब आहे?"

हो, म्हटलं. फार लांब आहे.