एका नावाचे दोन राजे

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाचनालयाचा जिना चढू देतो का? मामीचा खोकला थांबला का? माझी खुशाली विचाराल तर देह ठीक आहे. बाकी माझं काही खरं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेली अकरा वर्षं मी ज्ञानकोशाच्या कचेरीत सारख्या नावांचं टेबल सांभाळतो. एकाच नावाच्या दोन नद्या, एखादा डोंगर आणि त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेली त्याच नावाची जमात, यांची सरमिसळ होऊ न देणं हे माझं काम. (आजवर एक नदी तेवढी डोंगर चढली.) गेल्या आठवड्यात संपादकांनी सांगितलं, अमुक गावात अमुक राजाचा पुतळा उभा राहतोय, भाषण करून या. मी खणातून राजाच्या माहितीचं कार्ड काढलं आणि निघालो. त्या नावाचे राजे दोन होऊन गेले, हे अख्ख्या कचेरीत ज्या एका माणसाला माहीत असायला हवं, तो गाडीत खिडकीशी बसून भाषण पाठ करत होता.

मामा, काय बोललो म्हणून सांगू! राजाने सात महिने वेढा कसा दिला, विहिरी कशा बुजवल्या, शेवटी गाव कसं पेटवलं. (पेटवलेलं गाव याच नावाचं, पण ते दुसरं, अशी माझी समजूत. गावंही दोन आहेत.) अशी धडाडी आज कुठे दिसते, असं विचारून मी टाळ्यांसाठी थांबलो. एकही हात हलला नाही. सभा तल्लीन झालीय असं समजून मी जाळपोळ आणखी दहा मिनिटं वाढवली. तेव्हा पहिल्या रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका उठून शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते गाव हेच. तुमच्या राजाने जाळलं, आमच्याने परत बांधलं."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सभेनंतर बाईंनी मला शाळेमागची जुनी भिंत दाखवली. विटा अजून काळ्या आहेत. मामा, मी हात लावून पाहिला.

संपादकांनी मला टेबलावरून उठवून पानांत चित्रं लावायला बसवलंय. तिथे चुकायला वाव नाही, म्हणाले.

तुमचा अभागी भाचा

ता. क. खरं संकट वर लिहवलं नाही. निघताना मूर्तिकाराने स्टेशनवर गाठलं. "चेहरा जमलाय ना, साहेब? तुमच्याच कोशातल्या चित्रावरून घेतलाय!" गाव बांधणाऱ्या राजाच्या पानावरचं ते चित्र जाळणाऱ्याचं आहे. मागे एकदा चित्रवाला रजेवर असताना ते मीच लावलं होतं. म्हणजे त्या चेहऱ्याबद्दल मी अक्षर न् अक्षर खरं बोललो. हे फक्त मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला.

आणखी ता. क. पत्राचं कारण हे : बाई आता राजाची माहिती पडताळायला तुमच्या वाचनालयात येणार आहेत. तिसऱ्या खंडातलं ते चित्राचं पान, एकशे बेचाळिसावं, त्याआधी हळूच काढून ठेवा. पण चष्मा लावून काढा. एकशे त्रेचाळीसवर त्याच नावाचा तिसरा राजा आहे, त्या बिचाऱ्याने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.