पाहुणीचा पत्ता

सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. खिडकीजवळची जागा मिळाली. काम हायपरवायझरमधले दोष शोधायचं. हायपरवायझर म्हणजे एकाच यंत्रात चार-पाच पाहुण्या यंत्रणा, गेस्ट म्हणतात त्यांना, गुण्यागोविंदाने नांदवणारा कारभारी. आई म्हणाली, म्हणजे माझंच काम की.
शेजारी ताई बसतात, ऑफिसातल्या जुन्याजाणत्या. त्यांनी युक्ती शिकवली. बूटलोडरच्या, म्हणजे यंत्र टप्प्याटप्प्याने सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, पायऱ्या चढत बसायचं नाही. एम्युलेटर म्हणजे यंत्राची हुबेहूब नक्कल. गेस्ट उचलून थेट या नकलेच्या मेमरीत, ठरलेल्या पत्त्यावर ठेवायचा. म्हणजे चूक पाहुण्याची की कारभाऱ्याची, लगेच कळतं. किती सोपं करून सांगतात.

गुरुवार
माझा गेस्ट सुरू होताच मान टाकतो. ताईंचा पहिल्या फटक्यात उठतो. साहेब दिवसभर त्यांच्याच खुर्चीमागे. जाता जाता मला म्हणाले, ताईंकडे बघून शिका. बघतेच आहे. त्या हसल्या की सगळी खोली हसते. माझ्या पोटात दुखतं.

सोमवार
एम्युलेटर सगळ्यांचा एकच. ताई जेवायला गेल्या तेव्हा माझा गेस्ट त्यांच्या गेस्टच्या पत्त्यावर चढवला. त्यांचा पुसला गेला, माझा पहिल्यांदाच नीट उठला. वाटलं, एकदा तरी त्यांची फजिती होऊ दे. परत आल्या त्या स्वतःचा पासवर्ड विसरूनच. मला हसू आवरेना.

मंगळवार
ताईंना मुलाचा फोन आला. कोण बोलतंय, असं त्यांनी त्याला विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लहानपणी जिन्यावरून पडले होते ना मी." हनुवटीवरची खूण दाखवली. ती खूण माझी. आरशात पाहिलं. माझी हनुवटी गुळगुळीत.

बुधवार
माझा गेस्ट काढून टाकला. त्या पत्त्यावर तो तरीही आहे. ताईंचा परत चढवला, उठत नाही. साहेबांनी ताईंना माझ्या नावाने हाक मारली. मला कुणीच नाही. लिहायला लाज वाटते, पण भीतीआधी हेवाच वाटला. माझं नावसुद्धा त्यांना जास्त शोभतं.

गुरुवार
घरी गेले. आई ताईंना वाढत होती. मला दारातच विचारलं, कोण हवंय आपल्याला. मी बोलले, ओळखीच्या खुणा सांगितल्या — तिने दार लावून घेतलं. आतून तिचं हसणं. माझ्याशी इतक्या मायेने ती कधीच —

शुक्रवार
ऑफिसातच आले. दुसरीकडे कुठे जाणार. ताई माझ्या जागेवर. पडद्यावर एक गेस्ट थांबवलेला. त्या कळ दाबतात, तो एक सूचना पाळतो, थांबतो. माझा हातही — एक शब्द. थांबतो. पुन्हा कळ. एक शब्द. श्वासही कळ दाबली की —
साहेब मागे येऊन उभे. दोष सापडला का, विचारतात. ताई म्हणाल्या, सापडला, आता पुसून टा