सात सूत कमी

२ मार्च, सकाळी ७

खत कंपनीची डायरी मिळाली. ईश्वरीच्या निवडीचं नियोजन यात लिहायचं ठरवलं. डायरी कपाटात राहील, किल्ली करदोट्याला. नियोजन फुटलं की संपलं.

हकीकत अशी. नात ईश्वरी बारावीला आहे. तिला एनडीएत जायचंय, खडकवासल्याला. म्हणजे थेट फौजेत अफसर. आधी लेखी, मग पाच दिवस मुलाखत, मग मेडिकल, मग यादी. देशभरातून लाखो पोरं बसतात. मुलींच्या जागा वीस-पंचवीस. मुलगा राजेश्वर दुकानात रेडिमेड विकण्यात गुंग. सूनबाई वैजयंती अंगणवाडीत. तेव्हा जबाबदारी माझ्यावर आली. कुणी दिली नाही, पण आली.

माझं शिक्षण चौथी. पण निवड म्हणजे शेवटी माप, आणि मापात आपला हात कुणी धरत नाही. मन्मथ टेलर्स, बोरी. पंचेचाळीस वर्षं.

३ मार्च, दुपारी

उंची कमीत कमी एकशे बावन्न सेंटीमीटर लागते, असं बन्सीधर हवालदार सांगून गेले. (फौजेतून रिटायर. गावातल्या पोरापोरींना पहाटे पळवतात. माणूस चांगला, पण सगळं श्रेय घेतो.) माझा टेप साठ इंची, म्हणजे बरोबर एकशे बावन्न. ईश्वरीला ड्रेसचं माप घ्यायचं म्हणून भिंतीला उभी केली. टेपचं टोक डोक्याच्या वर उरलं. सात सूत. इंचाला एकच सूत कमी.

दोनदा मापलं. सातच.

तिला म्हणालो, बरोबर आहे. तिचा बोर्डाचा पेपर आहे, मन खचू नये. मला मात्र जेवण गेलं नाही.

४ मार्च

ठराव. (१) डिंकाचे लाडू, साजूक तुपातले, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. (२) अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला रोज वीस मिनिटं लटकणे. (३) डोक्यावर घागर, गाठोडं, काही घ्यायचं नाही. वजनानं माणूस खाली दबतो.

लटकून दाखवलं. फांदी मजबूत आहे. खांदा दुखतो आहे.

९ मार्च

बायकोला, भागम्माला, विश्वासात घेतलं, कारण लाडू तिलाच करायचे आहेत. ऐकून म्हणाली, आवं, चाळीस वर्सं गळ्यात घालून हिंडलाव त्यो टेप. ताणला असंल. चड्डीची नाडी ताणती, टेप ताणणार न्हाई का?

मी शांतपणे विचारलं, टेप ताणला असता तर गावातल्या सगळ्या पँटी ढगळ झाल्या नसत्या का? एकाची तरी तक्रार आली का?

ती म्हणाली, मापलं बी त्याच टेपानं, कापलं बी त्याच टेपानं. कुणाला कळंल?

बाईमाणसाला शिलाईतलं काय समजतं. विषय बदलला.

१२ मार्च

ईश्वरी लाडू पूर्ण खात नाही. एक खाते, एक दप्तरात टाकते. म्हणून आजपासून ती खाईपर्यंत समोर उभा राहतो. ती म्हणाली, अप्पा, बसा की. मी म्हणालो, तू खा, मग बसतो. गुडघा दुखतो, पण चारही गेले.

१६ मार्च

विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली आणि अंगावर काटा आला. पळण्यानं उंची घटते! टायर झिजतो तशी टाच झिजणारच. आणि ही रोज पाच किलोमीटर पळायली. मी एकीकडून वाढवतो, हवालदार दुसरीकडून घटवतात.

तिचे पळायचे बूट कापडाच्या ट्रंकेत ठेवले. तात्पुरते.

१७ मार्च

ईश्वरीनं घर उलथंपालथं केलं. मी म्हणालो, कुत्र्यानं नेले असतील. ती म्हणाली, दोन्ही? मी म्हणालो, दोन कुत्रे असतील.

खोटं बोलायला लागलं याचं वाईट वाटलं. देशासाठी आहे.

२९ मार्च

हवालदार दारात. अप्पा, पोरगी पळायला का येईना? मी म्हणालो, अभ्यास. ते म्हणाले, नुसता अभ्यास करून तिथं कोणी घेत न्हाई, अप्पा. दम लागतो. मी म्हणालो, दम आमच्या घराण्यात आहे. ते कपाळाला हात लावून निघून गेले. बहुतेक पटलं.

१३ एप्रिल

लेखी. संभाजीनगरला सेंटर. मी सकाळी दोनदा लिंगपूजा केली. ईश्वरी आली तर म्हणाली, गणित बरं गेलं. पहाटे चारला उठून चार महिने गणित करत होती, ते मी ऐकलं आहे. तरी दिवसाला चार लाडवांशिवाय डोकं एवढं चालत नाही.

२२ एप्रिल

आनंदाचा दिवस! हवालदारांनी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन उंची मोजली. भिंतीवरची लोखंडी पट्टी. एकशे त्रेपन्न पूर्णांक पाच!

हिशेब केला. पन्नास दिवसांत एक इंच आणि वर अडीच सूत. डॉक्टर बाईंना विचारलं, अठराव्या वर्षाला एवढी उंची वाढते का? त्या म्हणाल्या, सहसा नाही. म्हणजे उपायच. भागम्मा नुसतं म्हणाली, टेप. मी ऐकलंच नाही.

बूट परत तिच्या खाटेखाली ठेवले. कुत्र्यांना पश्चात्ताप झाला असावा, असं ईश्वरी म्हणाली. हसली नाही. आता बूट बारीक झालेत, म्हणाली, पाय सुजल्यागत झालेत. वाढ सगळीकडूनच होते.

उंची राखण्यासाठी लाडू सुरूच ठेवायचे. थांबवले आणि खाली आली तर?

८ मे

यादीत नंबर आला! लेखी पास. गल्लीतून लोक आले. सगळे हवालदारांना हार घालायले. हवालदार म्हणाले, पोरीचं हाय हे, माझं काय न्हाई. मलाही तसंच म्हणायचं होतं, पण कुणी हार आणला नाही.

१९ जून

ईश्वरीचा पंजाबी ड्रेस दंडाला दाटायला लागला. मी उसवून दिला. वैजयंती म्हणाली, मामंजी, पुरं करा आता ते लाडू. मी म्हणालो, हाड भरतंय. फौजेला काडीपैलवान चालत नाही.

१२ जुलै

आज भोपाळला निघाले. मुलाखत पाच दिवस. राजेश्वर सोबत गेला. खरं तर मी जाणार होतो. ईश्वरी म्हणाली, अप्पा, तिथं घरच्यांला आत घेत न्हाईत. तुमी गेटापशी पाच दिवस उभे राहचाल. मी म्हणालो, राहीन. ती म्हणाली, तेच म्हणायले मी.

ऐन वेळी माझी पिशवी सापडेना. नंतर धान्याच्या कोठीत निघाली. घरात वस्तू लपवायची ही सवय कुणाला लागली कळत नाही.

१८ जुलै, संध्याकाळी ५

निवडली! हॉलमध्ये शेवटी दोघंच उरले, त्यात ही. फोनवर राजेश्वरचा आवाज फुटत होता. रडत होता बहुतेक. मी नाही. डोळ्याचा त्रास आहे.

ईश्वरीनं एक गोष्ट सांगितली. साहेबांनी विचारलं, घरात कुणाचं सगळ्यांत जास्त ऐकतेस? ही म्हणाली, आजोबांचं. साहेब म्हणाले, का? ही म्हणाली, ऐकलं नाही तर ते उभेच राहतात. साहेब हसले म्हणे.

म्हणजे माझा विषय वरपर्यंत गेला. आता फक्त मेडिकल.

२४ जुलै

फोन आला. मेडिकलमध्ये अनफिट. कायमचं नाही, तात्पुरतं. उंची पास. डोळे, कान, दात, छाती पास. वजन पाच किलो जास्त.

बेचाळीस दिवसांत पुन्हा तपासणी. तेव्हाही जास्त भरलं तर संपलं.

माझं मत लिहून ठेवतो. त्यांचा काटा खराब असणार. वर्षानुवर्षं वापरून अशी यंत्रं ढिली होतात.

२६ जुलै

परतली. माझ्या पाया पडली आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

हवालदार आले. अप्पा, किती लाडू घातलाव पोरीला? मी म्हणालो, लागतील तेवढे. ते म्हणाले, पंधरा वर्सं पोरं पळवतो मी. पोरं उपाशी ऱ्हाऊन अनफिट झालेली बघितली. खाऊन झालेली पहिलीच. मग आवाज बारीक करून म्हणाले, ईश्वरीची ही एकच संधी हाय असं न्हाई. पण तिला वाटायलंय की हाय. तेवढं ध्यानात ठेवा.

संध्याकाळी घरच्यांची बैठक. ठरलं की ईश्वरीनं बेचाळीस दिवस पिंगळीला मावशीकडं, नीलमकडं राहायचं. हवालदार फोनवरून सगळं ठरवून देणार. हवापालट चांगला, असं मीही म्हणालो. म्हणजे कल्पना तशी माझीच.

अट: मी पिंगळीला जायचं नाही.

५ ऑगस्ट

घरात डबा भरलेला आहे आणि खाणारं कुणी नाही. सकाळी सवयीनं उभा राहिलो. भागम्मा म्हणाली, कुणापुढं उभे हाव?

११ ऑगस्ट

परभणीला चष्म्याचं काम होतं. काम पटकन झालं. स्टेशन जवळच होतं. गाडी उभीच होती. पिंगळी पुढचंच स्टेशन. हातात डबा होता तो योगायोग.

नीलमनं दारातच डबा घेतला आणि उंच फळीवर ठेवला. बिनसाखरेचा चहा दिला. म्हणाली, बसा मामा, ती पळायला गेलीया. मी म्हणालो, या उन्हात? ती म्हणाली, दुसऱ्यांदा गेलीया.

ईश्वरी आली. तोंड काळवंडलेलं, ओढणी कमरेला, घामानं निथळत होती. मला बघून दारातच थांबली. म्हणाली, अप्पा, भेटायला आलाव का खाऊ घालायला? मी म्हणालो, भेटायला. ती म्हणाली, मग डबा घेऊन जावा. खायाला घातलाव तर मी न्हाई म्हणू शकत न्हाई. तुमाला ठाव हाय ते.

मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तिला आवडतात.

परतीच्या गाडीत हिशेब मांडला. रोजचे चार, मार्च ते जुलै, महिने साडेचार. दिवस एकशे पस्तीस. एकशे पस्तीस गुणिले चार. तेवढ्यात परभणी आली. हिशेब अर्धवट राहिला. पुन्हा करायचा आहे, पण घाई नाही.

१ सप्टेंबर

फिट! वजन बरोबर भरलं, उलट अर्धा किलो कमीच. ईश्वरीनं पहिला फोन हवालदारांना केला, दुसरा आईला. तिसरा मला. म्हणजे तिघांत आलो. अप्पा, झालं, म्हणाली. मी म्हणालो, अर्धा किलो कमी कसं काय? ती म्हणाली, अप्पा!

११ ऑक्टोबर

शेवटची यादी. नाव आहे. देशातल्या तेवढ्याशा मुलींत एक नाव बोरीचं.

चार वेळा वाचून घेतलं. पाचव्यांदा राजेश्वर नको म्हणाला.

१८ डिसेंबर

ईश्वरी २७ला जाणार. व्यापारी मंडळ स्टँडवर मोठा फ्लेक्स लावणार आहे. राजेश्वरनं नमुना दाखवला. मध्ये ईश्वरी. बाजूला आईबाप, हवालदार, सरपंच, मंडळाचे अठरा जण. मी खालच्या रांगेत, खताच्या दुकानदाराच्या आणि घड्याळाच्या जाहिरातीच्या मध्ये. वाटाण्याएवढा.

राजेश्वरला बोललो नाही. फ्लेक्सवाला महारुद्र परभणीचा, त्याला परस्पर फोन लावला. आपणच आपला फोटो मागणं बरं दिसत नाही, म्हणून मी कोण ते सांगितलं नाही. म्हणालो, मन्मथअप्पांचा फोटो खाली नको. सगळ्यांच्या वर पाहिजे. एकट्याचा. गोल चौकटीत. त्यानं विचारलं, फोटो कोणता? जुना काळापांढरा पाठवला, टोपीतला. नव्यात दात नाहीत. त्यानं विचारलं, मजकूर? मी म्हणालो, यांच्या आशीर्वादाने, एवढंच. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, समजलं, काका. बरोबर करतो. तुमी फिकीर करू नका.

समजूतदार माणूस. असे कमी राहिले.

२५ डिसेंबर

फ्लेक्स लागला. बघायला गेलो. सगळ्यांच्या वर, गोल चौकटीत, एकटा मी. चौकटीभोवती झेंडूची माळ. खाली लिहिलंय: लिंगैक्य मन्मथअप्पा यांच्या आशीर्वादाने.

म्हणजे महारुद्रनं मला मारून टाकलं.

राजेश्वर म्हणाला, अप्पा, एवढ्या वर एकटा फोटो कुणाचा असतो? गेलेल्याचाच असतो की! उतरवा म्हणालो. तो म्हणाला, दोन दिवसांत दुसरा होत न्हाई, आणि ह्यो काढला तर ईश्वरीला निरोप मोकळ्या भिंतीपुढं द्यायचा का? भागम्मा पदर तोंडाला लावून हसत होती. जिंतूरच्या व्याह्यांचा फोन आला, तो मीच उचलला आणि सांगितलं की मी आहे.

ईश्वरीनं फ्लेक्स बघितला. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, अप्पा, फोटो चांगला आलाय. मी म्हणालो, टोपी नवी होती तेव्हा.

२७ डिसेंबर

गेली. जीपमध्ये सातजण, हवालदार पुढं. मला जागा होती, पण सामान ठेवल्यावर नव्हती. म्हणालो, मी स्टँडवर थांबतो, जाताना दिसाल. जीप वळताना तिनं पूर्ण खिडकीबाहेर वाकून हात केला. मी हात आत घे म्हणून ओरडत होतो, तोवर गेली.

फ्लेक्सखालच्या बाकड्यावर बसून राहिलो. शेजारी चुडाव्याचा एक माणूस, बसची वाट बघत. फ्लेक्स सगळा वाचून काढला त्यानं. म्हणाला, पोरगी मोठी झाली, पण ते वरले आजोबा बिचारे बघायला न्हाईत. तुमी वळखत होताव का त्यांला?

मी म्हणालो, थोडं.

तो म्हणाला, लय जीव असंल नातीवर.

मी म्हणालो, होता.

तो म्हणाला, कशानं गेले?

मी म्हणालो, फिकिरीनं.

तो म्हणाला, आता कशाची फिकीर, पोरगी तर लागली की! मी म्हणालो, तेच की.

त्याची बस आली. चढण्याआधी फ्लेक्सकडं बघून त्यानं हात जोडले. मग मीही जोडले. त्या माणसानं एकट्यानंच जोडलेले बरे दिसले नसते.