गव्हर्नरांचा कागद मी घेतला त्याची हकिगत

ती. आर्विडमामा,

लेनाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी शिडीवर चढू नका म्हटलंय, म्हणजे या आठवड्यात तुम्ही दोनदा तरी चढला असाल. मामींनी भाजून पाठवलेला ॲपल पाय राजधानीत पोचला. पोस्टाने त्याचा चेंदा केला होता, मी चमच्याने खाल्ला.

शुक्रवारी माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. आपल्याकडच्या गावांतून फिरणारी पुस्तकांची गाडी पैशांअभावी बंद पडते आहे. ती चालावी म्हणून विधिमंडळाने अंदाजपत्रकात बाटलीबंद गोड सोड्यावर कर घातला. गव्हर्नरसाहेबांनी मात्र निवडणुकीत 'नवा कर नाही' असं वचन दिलेलं (आणि ते वचन पाळतात, हीच पंचाईत). त्यांच्या नकाराचा कागद शुक्रवारी पाचच्या आत विधिमंडळातल्या आमच्या कचेरीत कुणीतरी हातात घ्यायला हवा, नाहीतर कर आपोआप मंजूर. म्हणून आमच्या सभापती ऑड्रीबाईंनी इथला जुना उपाय केला: सगळ्यांना समोरच्या कॅफेत पिटाळलं आणि मला म्हणाल्या, "लेना, दिवे मालवून आत बस. फोन आला तर घे. कागद आला तर मेल्याचं सोंग घे."

पावणेपाचला दार वाजलं. गव्हर्नरांचे निरोपे मिस्टर होग, वय सत्तर, चार जिने चढून आले होते (लिफ्ट आम्हीच बंद केली होती, लिहितानाही लाज वाटते). "कोणी आहे का? नसलात तरी हरकत नाही, जरा टेकतो," म्हणाले आणि बाहेर फरशीवरच बसले. मी टेबलाखाली. त्यांची धाप मला ऐकू येत होती. मामा, आपल्या घरातली पहिली पदवी मी घेतली, चार वर्षं राज्यघटना शिकले, ती काय टेबलाखाली बसायला? मी दार उघडून पाणी दिलं.

"पोरी, दार लाव आणि परत जाऊन बस," ते म्हणाले. "तुझी नोकरी जाईल. कोणी नव्हतं असं सांगेन मी."

इतक्या भल्या माणसाला खोटं कसं बोलू द्यायचं? मी कागद घेतला, चार पन्नासचा शिक्का मारला आणि वर त्यांना पोचपावतीही दिली.

पाच वाजून पाच मिनिटांनी ऑड्रीबाई केक घेऊन आल्या. शिक्का बघून म्हणाल्या, "विद्यापीठ पदवी परत घेतं का गं?" मग केक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मीही हेच केलं असतं. म्हणून तर तेव्हाच्या सभापतींनी मला कधी आत बसवलं नाही." केक मात्र मलाच कापायला लावला.

आता मंगळवारी पुन्हा मतदान. दोन तृतीयांश मतं पडली तर गव्हर्नरांचा नकार रद्द होतो आणि गाडी वाचते. एकच मत कमी आहे.

तुमची,
लेना

ता. क. ते मत आपले आमदार रॉय गुंडरसन यांचं. ठाऊक आहे, गोठलेल्या तळ्यावर त्यांनी मासेमारीची झोपडी तुम्ही गळ टाकायला बर्फात पाडलेल्या भोकापासून सहा फुटांवर टाकली, तेव्हापासून अकरा वर्षं तुम्ही बोलत नाही. पण "आर्विड स्वतः येऊन 'मत दे' म्हणाला तर देतो," असं ते म्हणाले. सोमवारी जाऊन याल?

ता. क. दुसरा: मामींना बरोबर न्या. तळ्याचा विषय त्या निघू देणार नाहीत.

ता. क. तिसरा: कर बाटलीमागे दहा सेंट आहे, आणि तो तुमच्या पेट्रोलपंपावरच्या फ्रिजातल्या प्रत्येक सोड्याला लागेल. मिस्टर गुंडरसनना हे पक्कं माहीत आहे. म्हणून तर त्यांनी नेमकं तुमचंच नाव घेतलं.